आनंदी म्हशीचा पत्ता

लोक कोल्हापूरला देवीच्या दर्शनाला जातात, चपला घ्यायला जातात, तांबडा-पांढरा ओरपायला जातात. मी एका म्हशीला भेटायला गेले होते. म्हशीचं नाव मला माहीत नव्हतं. पत्ता माहीत आहे असं वाटत होतं. आणि ती आनंदी असल्याचा छापील दावा माझ्या पिशवीत होता.

दावा तुपाच्या बरणीवर होता. नाशिकला आमच्या घराजवळच्या एका नाक वर करून बसलेल्या दुकानात ही बरणी मिळते. झाकणावर हिरवं पान, पानात दात काढून हसणारी म्हैस आणि खाली अक्षरं: ‘आनंदी गोठा, प्रमाणित’. आता म्हशीला आनंदी कोणी ठरवलं, तिला कधी विचारलं, ती काय म्हणाली, यातलं काहीही बरणीवर नव्हतं. मला राग आला. मला राग लवकर येतो आणि आला की मी पत्रक काढते.

आमचा ग्राहक जागृतीचा छोटा गट आहे. आम्ही पत्रकं लिहितो, बाजारात वाटतो आणि लोक त्यात भजी बांधून नेतात. ‘हिरवं पान, ग्राहका सावधान’ हे पत्रक माझं. त्यात मी सरळ सांगितलंय की पाकिटावरच्या सगळ्या खुणा एका मापाने मोजू नका. काही कायद्याने छापाव्याच लागतात. हिरवा ठिपका त्यातलाच. त्याचा अर्थ माल शाकाहारी, एवढाच. पण निम्मी जनता त्याला सेंद्रिय समजते, आणि त्या न्यायाने तळलेले वेफर्सही सेंद्रिय होतात. काही खुणा कंपनी स्वतःच काढते: पान, थेंब, पृथ्वीला धरलेले दोन तळहात. त्याला फक्त एक चित्रकार लागतो. आणि काही थोड्या खुणा अशा, की बाहेरचा माणूस येऊन नियम लावून तपासतो, मगच त्या मिळतात, आणि चुकीच्या वापरल्या तर काढून घेतल्या जातात. ‘खुणेचा गैरवापर म्हणजे खूण रद्द. दयामाया नाही.’ हे वाक्य मी भांडून जाड टायपात घ्यायला लावलंय.

‘आनंदी गोठा’ ही चित्रकाराची करामत आहे याबद्दल मला शंका नव्हती. ती उघडी पाडायला दिवाळीची सुट्टी बरी म्हणून निघाले. आई म्हणाली, लोकांच्या पोरी दिवाळीला घरी येतात, आमची म्हशीकडे चालली.

शिरोली

बरणीवरचा पत्ता शिरोली एमआयडीसीतला होता. रिक्षा थांबली ती एका फाउंड्रीच्या दारात. आत लोखंड ओततात. मैदान काळं, हवा तापलेली, म्हशीचं शेपूटही नाही. गेटवर वॉचमनमामा लक्ष्मीपूजनाचं झेंडूचं तोरण बांधत होते.

“म्हस?” ते स्टुलावरून खाली उतरले. “ताई, हितं लोखंड वितळवत्यात. म्हस कशाला यील हितं?”

“बरणीवर हाच पत्ता आहे.”

त्यांनी बरणी घेतली, झाकण उघडलं, डोळे मिटून वास घेतला. “तूप तर झ्याक हाय की. मग तक्रार काय तुमची?”

“म्हैस आनंदी आहे का ते बघायचंय.”

“आणि न्हाय निघाली तर?”

“तर आम्ही पत्रक काढू.”

यावर मामांनी तोरणाची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, “मागच्या शेडात, माडीवर बरण्या भरत्यात. तितं इचारा. पर म्हस म्हणून इचारू नगासा, लोकं येगळं समजतील.”

माडीवर खरंच तूप भरत होते. तिथल्या शिरोलीवाल्या मालकाने, म्हणजे बरण्या विकणाऱ्याने, मला बसवून चकल्या दिल्या आणि शांतपणे समजावलं. छापलेला पत्ता बरणी भरण्याचा असतो, म्हशीचा नसतो. तूप येतं कोल्हापुरातल्या गवळी गल्लीतून, सुलाक्का नावाच्या बाईंकडून. खूण देणारी संस्था बेंगळुरूची. त्यांचा तपासनीस दरवर्षी येऊन गोठा बघतो, आणि यंदाचा तर पाडव्यालाच येतोय.

म्हणजे खूण खरी होती. मला फार वाईट वाटलं. खोटं पकडायला एवढ्या लांब यावं आणि कागदपत्रं चोख निघावीत, ही माणसाची शुद्ध फसवणूक आहे.

शाहूपुरी

मुक्काम शाहूपुरीतल्या एका लॉजवर. सकाळी मिसळ खायला गेले, कारण नाशिकच्या माणसाला कोल्हापुरात मिसळ खाऊन नाक मुरडणं हे कर्तव्य वाटतं. आमच्याकडे मिसळीबरोबर पाव, दही, पापड, कधी जिलबी. इथे पुढ्यात ब्रेडच्या स्लाइस आल्या. वर किटलीतून कट, म्हणजे लाल तर्रीचा रस्सा, मागाल तितका. पहिल्या घासाला माझे कान बंद झाले. दुसऱ्याला नाशिक आठवेना.

भिंतीवर स्टिकर होता: ‘इको-फ्रेंडली मिसळ’. मी घाम पुसत मालकाला विचारलं, “हे कुणी प्रमाणित केलंय?”

“पोरानं चिकटवलंय,” मालक म्हणाले. “बरं दिसतंय न्हवं?”

“पण इको-फ्रेंडली म्हणजे नक्की काय?”

त्यांनी माझ्या ताटलीकडे बघितलं. ती चाटून पुसल्यासारखी होती. “हे बघा की,” ते म्हणाले. “वाया काय गेलं?”

मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं आणि निघाले.

गवळी गल्ली

गल्लीच्या तोंडाशीच लोक काचेचे ग्लास घेऊन उभे होते आणि गवळी म्हशीची धार थेट ग्लासात काढून देत होता. फेसासकट, कोमट. आमच्याकडे पिशवी कापतात, तारीख वाचतात, मग उकळतात. मी विचारलं, यावर काही लेबल, तारीख वगैरे? गवळी वर न बघता म्हणाला, “लेबल बघायचं असंल तर पलीकडनं या. तिकडं म्हशीचं तोंड हाय.”

सुलाक्का साठीच्या, आवाज खणखणीत, पदर कमरेला खोचलेला. मी कोण, कशाला आले ते सांगितल्यावर त्यांनी मला पाटावर बसवलं आणि आधी लोण्याचा गोळा हातावर ठेवला. त्यांच्या शेडमध्ये गल्लीतल्या चार बायका ताक घुसळतात, लोणी काढतात, तूप कढवतात. खूण मिळाल्यापासून शिरोलीवाला सगळं तूप उचलतो.

“खूण गेली की तो उचलायचा बंद,” सुलाक्का म्हणाल्या. “मग ह्या चौघी बसतील घरात आणि मी पयल्यागत मिठाईवाल्याच्या दारात. पाडव्याला सायेब यायचाय. मिरवणूक असतीय म्हणून सांगितलं तर म्हणतोय, मिरवणूक बघायलाच येतो.”

त्यांचे यजमान, तात्या, गोठ्यात चांदणीच्या शिंगांना रंग देत होते. चांदणी म्हणजे माझ्या बरणीवरची म्हैस, निदान तिची प्रतिनिधी. कपाळावर पांढरा ठिपका, रवंथ चालू, नजर माझ्या आरपार. आनंदी की दुःखी, मला काही कळलं नाही. इमानदारीने लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पाडव्याला कोल्हापुरात म्हशींची मिरवणूक निघते. शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्यावर मोरपिसं, आणि अंगावर कातरलेली नक्षी. मालक मोटारसायकलवरून पुढे पळतो आणि म्हैस गाडीच्या आवाजामागे धावते. त्यासाठी महिना महिना तिला त्या आवाजाची सवय लावतात. नाशिकला पाडव्याला आम्ही जावयाला ओवाळतो. इथे म्हशीचा मान जावयापेक्षा मोठा आहे, आणि एका दारात जावई आणि म्हैस शेजारी-शेजारी उभे बघितल्यावर मला ते पटलं.

तात्यांनी विचारलं, “पावणं, ती खूण म्हंजे नेमकं काय असतंय? आमच्या हिला इचारलं तर म्हणती, तुमाला काय करायचंय.”

मला कुणी विचारलं की मी पूर्ण उत्तर देते. उठून उभी राहिले आणि पत्रकाच्या चालीत बोलले. खूण मिळवावी लागते, खूण हा अभिमान आहे, आणि खूण अशा जागी हवी की येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबूनही सहज दिसावी. लपवलेली खूण ग्राहकाच्या काय कामाची?

तात्या फार लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, “तुमची बरणी जरा द्या की. गजाला दावतो.”

गजा म्हणजे गल्लीतला केस कापणारा. पाडव्याच्या आधी तो माणसांची दाढी करत नाही, म्हशी भादरतो. त्याला बरणी कशाला हवी, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, माझा विषय तळागाळात पोचतोय.

पाडवा

सकाळी गल्लीत शिरले तर चांदणी दारात उभी. तेल चोपडून काळीभोर चमकत होती. आणि तिच्या कुशीवर, चांगलं परातीएवढं, केसात कातरलेलं पान, पानात दात काढून हसणारी म्हैस, खाली ‘आनंदी गोठा, प्रमाणित’. वेलांटीसुद्धा चुकली नव्हती.

“लांबनं दिसतंय का?” तात्यांनी विचारलं. “गल्लीच्या तोंडापासनं बघा की.”

मी मागे वळून गल्लीच्या तोंडाकडे बघितलं. कोल्हापूरच्या गवळी गल्लीत एका म्हशीवर काही असेल आणि शेजारच्या म्हशीवर नसेल, असं चालत नाही. रात्रभर गजाने दुसरं काही केलंच नव्हतं. दारोदार म्हशी, म्हशी-म्हशीवर पान, पानापानात हसू. शेजारच्या दिनकररावांच्या म्हशीवर तर दोन्ही कुशींना. दिनकररावांना भरघोस मिशा आहेत आणि त्यांना कुठल्याच बाबतीत एकावर भागत नाही.

मी सुलाक्कांना बाजूला घेतलं. “अहो, ही खूण फक्त तपासलेल्या गोठ्याच्या तुपावर लावायची असते. हे सगळे गोठे कुणी तपासलेत? साहेबांनी बघितलं तर खूण जाईल.”

सुलाक्कांचा चेहरा उतरला. त्या तात्यांकडे वळल्या आणि जे बोलल्या ते छापता येणार नाही. मग म्हणाल्या, “झूल घाला हिच्यावर.”

“नक्षीवर झूल?” तात्या चांदणीला आडवे उभे राहिले. “मग महिनाभर मी गाडी कशाला पळवली?”

पण तोवर उशीर झाला होता. तपासनीस नाडकर्णी शाहूपुरीत येऊन थांबले होते, आणि पाडव्याला गल्लीत रिक्षा शिरत नाही म्हणून तात्यांनी गजाला त्यांना आणायला पाठवलं होतं. पाठवलं ते स्वतःच्या मोटारसायकलवर. जिचा सायलेन्सर काढला होता तिच्यावरच. जिच्या आवाजामागे धावायला चांदणीला महिनाभर शिकवलं होतं तिच्यावरच. हे कोल्हापुरात लहान पोरालाही कळतं, म्हणून नाडकर्णींना कुणी सांगितलं नाही.

आधी आवाज आला. चांदणीने मान वर केली. मग गल्लीत गजा शिरला, मागे नाडकर्णी, पांढरा शर्ट, छातीशी फाइल. चांदणीने दावं तात्यांच्या हातातून असं ओढून घेतलं की तात्या अभिमानाने बाजूला झाले. ती धावली. तिच्यामागे दिनकररावांची, तिच्यामागे सगळ्याच. गजाने आरशात बघितलं आणि थांबायच्या ऐवजी गाडी पिळली. थांबला असता तर गल्लीने त्याला आयुष्यभर माफ केलं नसतं.

नाडकर्णी मागे वळून बघत होते आणि प्रत्येक वेळी चांदणीचं नाक थोडं आणखी जवळ असायचं. दोन्ही बाजूंनी लोक शिट्ट्या वाजवत होते. कुणीतरी ओरडलं, “सायेब, हात हलवा की,” आणि त्या सभ्य माणसाने खरंच हात हलवला. त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

गाडी थेट पंचगंगेच्या घाटावर जाऊन थांबली. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा नाडकर्णी पायरीवर बसले होते, चष्मा तिरका. चांदणीने मागून येऊन त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवली होती आणि रवंथ सुरू केला होता.

“ही नेहमी असं करते?” त्यांनी मान न हलवता विचारलं.

“वळखीच्या माणसाला करती,” तात्या म्हणाले.

“मी ओळखीचा नाही.”

“आता झालासा की.”

नाडकर्णींनी फाइल उघडली, पेन काढलं. माणसाला बघून जनावर घाबरतं का, असा एक रकाना होता. त्यांनी बराच विचार करून लिहिलं: ‘भीतीची लक्षणं जनावरात नाहीत.’ सुलाक्कांनी सुटकेचा श्वास घेतला.

मग नाडकर्णी उठले, चष्मा पुसला, आणि त्यांना चांदणीची कूस दिसली. मग पलीकडच्या म्हशीची. मग घाटभर.

“हे आपलंच आहे का?” त्यांनी हळू विचारलं.

“गल्लीला हौस हाय, सायेब,” तात्या म्हणाले. “रांगोळीगत हाय ते.”

“म्हणजे नक्षी.” नाडकर्णींचा चेहरा जरा खुलला. थकलेले होते, खांदा लाळेने ओला होता, घरी जायचं होतं. “सणाची नक्षी आहे, असं म्हणायला हरकत नाही.”

“नक्षी नाही,” मी म्हणाले. “प्रमाणन खूण आहे. तपासणी न झालेल्या जनावरांवर. हा गैरवापर आहे.”

 नाडकर्णींनी माझ्याकडे बघितलं, जसं माणूस मिटत आलेल्या दारात बोट घालणाऱ्याकडे बघतो. मग म्हणाले, “ताई म्हणतात ते नियमाने बरोबर आहे.” त्यांनी निकाल दिला: गल्लीत एकाही म्हशीवर ही खूण असेल तोवर बरणीवर लावायची नाही. सगळ्या निघाल्या की फोटो पाठवा, खूण पुन्हा सुरू.

शिरोलीवाल्याचा फोन संध्याकाळीच आला. महिनाभर थांबतो म्हणाला. पुढे दुसरीकडचं तूप बघेन.

त्याच गडबडीत मिरवणूक भरवणाऱ्या मंडळाचं बक्षीस जाहीर झालं. उत्तम नक्षीचा पहिला नंबर: दिनकररावांची म्हैस.

भाऊबीज

रात्री सुलाक्कांनी मला जेवू घातलं. भाकरी, पिठलं, वर तुपाची धार. “वाढू का,” याखेरीज शब्द नाही. मी हात धुतल्यावर म्हणाल्या, “पोरी, तू खोटं बोलली न्हाईस. पर तुला इचारलं कुणी हुतं?”

याचं उत्तर आमच्या कुठल्याच पत्रकात नाही. मी मुक्काम वाढवला.

चांदणीला त्यांनी रात्रीच भादरून टाकलं. तात्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. दुसऱ्या दिवशी मी घरोघर फिरले. ‘म्हैस भादरा, तूप वाचवा’ असं हाताने लिहिलेलं पत्रक होतं माझ्याकडे. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात यशस्वी मोहीम. लोक म्हणायचे, आज भाऊबीज, बहीण येणार हाय, तिनं एकदा बघू दे, मग भादरतो. बहिणी आल्या, बघून गेल्या, गजाचं यंत्र चालू झालं. प्रत्येक घरी मला फराळ करावा लागला. तिसऱ्या घरानंतर मी पत्रकापेक्षा अनारशांना जास्त घाबरायला लागले.

राहिले दिनकरराव.

“पयला नंबर भादरू?” त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “पावणं, उनात फिरलासा काय?”

मी त्यांना ग्राहकाचा हक्क समजावला, शेजारधर्म समजावला, त्या चार बायकांची नावं घेतली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि माझं पत्रक गोठ्याच्या दारावर चिकटवलं. नाशिकहून माणसं इनंती करायला येत्यात, हे गल्लीला दिसावं म्हणून.

नाशिक

घरी आल्यावर सुलाक्का फोटो पाठवत राहिल्या. स्वच्छ भादरलेल्या म्हशींच्या कुशी, एकामागून एक. आईला वाटलं मी लग्नाची स्थळं बघतेय. तिने मान वळवून बघितलं आणि स्वयंपाकघरात परत गेली. शेवटचा फोटो दर वेळी तोच: दिनकररावांची म्हैस, दोन्ही कुशींवर पान. केस वाढायला लागले की ते गजाला बोलावून पुन्हा कातरून घ्यायचे. महिना सरत आला. तीन बायकांनी दुसरीकडे काम विचारायला सुरुवात केली होती. मी रोज संतापून दिनकररावांना एक लांब मेसेज लिहायचे, आणि मग, मला कुणी विचारलं नव्हतं म्हणून, पुसून टाकायचे.

मग एका सकाळी सुलाक्कांचा फोन आला. आवाज पुन्हा खणखणीत.

“काल गेलते त्याच्याकडं,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, भावजी, लोकं लांबलांबनं बघायला येत्यात, पर बघत्यात काय? आमच्या बरणीवरचं चितार. तुमचं त्यात हाय काय? म्हस तुमची, नंबर तुमचा, आणि थोबाड भलत्याचंच.”

“मग?”

“रातभर झोपला न्हाय म्हणं. सकाळी गजाला बोलवून सगळी म्हस साफ भादरली.”

फोटो आला. दोन्ही कुशी कोऱ्या. तो नाडकर्णींना गेला, दोन दिवसांत त्यांचं उत्तर आलं, आणि शिरोलीवाल्याचा टेंपो गल्लीत लागला. चौघी शेडमध्ये परत आल्या. आमच्या जवळच्या दुकानात बरणी पुन्हा मिळायला लागली, हसणाऱ्या म्हशीसकट. मी एक विकत घेतली आणि दुकानदाराला पाऊण तास पिडलं नाही, यावरून माझी मनःस्थिती ओळखा.

काल सुलाक्कांनी आणखी एक फोटो पाठवला. दिनकररावांच्या म्हशीचे केस आता वाढलेत आणि गजाने त्यात नवं काम केलंय. दोन्ही कुशींना दिनकररावांचा चेहरा, डोळे वटारलेले, खाली ठळक अक्षरात त्यांचं नाव आणि गल्ली. मी तो मोठा करून बराच वेळ बघितला. कुठल्याही लेबलावर मी आधी दोन गोष्टी शोधते: माल नेमका कुणाचा, आणि काही झालं तर धरायचं कुणाला. शेकडो पाकिटं उलटीपालटी करून मला त्या सहसा सापडत नाहीत. इथे दोन्ही होत्या, मिशीसकट.